केंद्रावाचून वाढणारा समाज : विकेंद्रित समाजमाध्यमे आणि आर्णी परिसरातील बोली

१. विषयप्रवेश

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील, अरुणावती नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा राजमार्ग या गावावरून जातो. बाजाराच्या दिवशी त्या मार्गालगत घटकाभर उभे राहिल्यास वऱ्हाडी मराठी, बंजाऱ्यांची गोरमाटी, उर्दू, गोंडी आणि क्वचित कोलामी अशा भाषा कानावर पडतात. यांपैकी एकाही भाषेची कचेरी आर्णीत नाही; ती बोलावयास कोणाची अनुज्ञा लागत नाही आणि उद्यापासून ती बंद करण्याचा अधिकारही कोणास नाही. भाषिक समाज हा मुळातच केंद्रावाचून वाढणारा समाज होय. प्रमाणभाषा, शुद्धलेखनाचे नियम, पाठ्यपुस्तके ही केंद्रे मागाहून येतात. बोलणारी माणसे आधी असतात.

संगणकाच्या जाळ्यावर मात्र गेल्या वीस वर्षांत नेमके उलट घडले. तेथे आधी केंद्र उभे राहिले आणि माणसे मागाहून गोळा झाली. एका कंपनीची यंत्रे, तिचे नियम, तिची मालकी. आणि त्या आवारात कोट्यवधी लोकांचे बोलणे. अशा आवारात वाढलेल्या समाजाचे आयुष्य आवाराच्या मालकाच्या इच्छेइतकेच असते.

या लेखनास कारण झालेली गोष्ट साधीच आहे. आर्णी परिसरातील शेतीव्यवहाराचे शब्द जमविण्याचा उद्योग प्रस्तुत लेखकाने काही विद्यार्थ्यांच्या साह्याने आरंभिला होता. पऱ्हाटी, तिफन, डवरा, धुरा, पांदण अशा शब्दांपासून सुरुवात झाली. एका मोठ्या व्यापारी समाजमाध्यमावर समूह काढून त्यात हे शब्द टाकले जात. हळूहळू शेतकरी, शाळामास्तर, पुण्या-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेले तरुण असे पुष्कळ जण त्यात आले. एक शब्द पडला की त्याखाली दहा जण आपापल्या गावचा उच्चार नोंदवीत आणि कोणाचा खरा यावर दोन दिवस वाद चाले. चौथ्या वर्षी एके सकाळी तो समूह दिसेनासा झाला. नियमांचा भंग झाला आहे, एवढेच एक वाक्य त्या जागी होते. कोणत्या नियमाचा, हे विचारावयास माणूस सापडला नाही. शब्दांची यादी वह्यांमधून थोडीबहुत पुन्हा जुळविता आली. उच्चारांविषयीचा वाद मात्र गेला, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरे धन तेच होते.

अशा प्रसंगावर उपाय म्हणून विकेंद्रित समाजमाध्यमांकडे बोट दाखविले जाते. ती माध्यमे कशी चालतात, त्यांवर समाज कसा वाढतो अथवा खुंटतो, आणि आर्णीसारख्या बहुभाषिक परिसरास त्यांचा कितपत उपयोग आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. विकेंद्रित म्हणजे काय

ईमेलची व्यवस्था वाचकांच्या परिचयाची आहे. एकाचा पत्ता एका कंपनीकडे, दुसऱ्याचा आपल्या विद्यापीठाकडे असला तरी पत्र पोहोचते, कारण पत्राची ने-आण कशी करावी याचे नियम सर्वांना समान आहेत. हीच कल्पना समाजमाध्यमास लावली म्हणजे विकेंद्रित समाजमाध्यम तयार होते. अनेक स्वतंत्र यंत्रे, म्हणजे सर्व्हर, असतात. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, खर्च वेगळा. परंतु परस्परांशी बोलण्याचे व्याकरण एक. अशा व्याकरणांपैकी 'ॲक्टिव्हिटीपब' या नावाचे जे आहे, त्यास वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. त्यावर चालणाऱ्या माध्यमांपैकी 'मॅस्टोडॉन' सर्वांत अधिक ज्ञात असून ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने ते २०१६ मध्ये सुरू केले. मॅस्टोडॉनवरील पत्त्याचे दोन भाग असतात : माणसाचे नाव आणि त्याच्या सर्व्हरचे नाव. टपालाच्या पत्त्यात जसे नाव आणि गाव असते, तसेच हे.

'ब्लूस्काय' या दुसऱ्या माध्यमाची घडण निराळी आहे. तेथे माणसाची ओळख आणि त्याचे लेखन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सोबत नेता यावे, अशी योजना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सर्वांना खुले झाले. तथापि त्यावरील बहुतेक लोक आजही त्याच कंपनीच्या यंत्रांवर राहतात. म्हणून तेथील विकेंद्रीकरण व्यवहारापेक्षा शक्यतेच्या रूपात अधिक आहे. पुढील विवेचन मुख्यतः मॅस्टोडॉन आणि त्याच्या जातीच्या माध्यमांविषयी आहे.

केंद्रित माध्यम भारतीय असले म्हणजे प्रश्न सुटतो, हा समज अनुभवास उतरत नाही. 'कू' हे भारतीय माध्यम २०२० मध्ये सुरू झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांना त्याने मानाचे स्थान दिले होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद होत असल्याचे संस्थापकांनी जाहीर केले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु दुकान बंद झाले की त्यातील बोलणेही बंद होते, हा नियम देशी दुकानासही लागू आहे.

३. मराठीचा पूर्वानुभव

विकेंद्रित जाळ्यावर मराठी माणूस आज प्रथमच जात आहे असे नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस, यांनी १९७९ मध्ये कल्पिलेले 'यूजनेट' १९८० मध्ये सुरू झाले. त्यात मध्यवर्ती यंत्र नव्हते. प्रत्येक विद्यापीठाचा किंवा संस्थेचा संगणक आपल्याकडील मजकूर शेजारच्या संगणकास देई, तो पुढच्यास देई, आणि असे करीत तो जगभर पोहोचे. या यूजनेटवर १९९० च्या दशकात 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' हा चर्चागट चालत असे. परदेशी विद्यापीठांतील आणि संगणक-व्यवसायातील मराठी मंडळी त्यावर पाककृतींपासून राजकारणापर्यंत सर्व विषयांवर लिहीत. देवनागरी पडद्यावर सहज उमटत नसल्याने बरेचसे लेखन रोमन अक्षरांतून होई. अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास तयार केलेली 'आयट्रान्स' ही लिप्यंतर-पद्धती त्या अडचणीतूनच रूढ झाली.

या अनुभवातून आपल्या विषयासंबंधी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली अशी की, केंद्र नसले तरी शिस्त असू शकते. यूजनेटच्या प्रमुख विभागांत नवा गट काढावयाचा तर आधी जाहीर चर्चा आणि मग मतदान होत असे. होकार नकारांपेक्षा किमान १०० ने अधिक असावे आणि एकूण मतांच्या दोन-तृतीयांश असावे, असा दंडक होता.

दुसरी गोष्ट वाढीच्या वेगाची. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत. ते यूजनेटवर गोंधळ घालीत आणि महिनाभरात जुन्यांकडून रीतभात शिकत. १९९३ च्या सप्टेंबरानंतर व्यापारी सेवांच्या ग्राहकांचा लोट असा सुरू झाला की तो थांबलाच नाही. जाणत्यांनी त्यास 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव दिले. नव्या माणसांना रीत शिकविण्यास जुन्यांना जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेगाने माणसे येऊ लागली, तर समाज संख्येने वाढतो आणि समाज म्हणून मोडतो.

तिसरी गोष्ट जतनाची. यूजनेटवरील जुन्या लेखनाचा मोठा संग्रह गूगलने २००१ मध्ये विकत घेतला. फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटशी नव्या मजकुराची देवघेव गूगलने थांबविली; जुना संग्रह वाचावयास तेवढा ठेवला. मूळ संगणकांपैकी पुष्कळ आज अस्तित्वात नाहीत. त्यावरील लेखन उरले ते कोणीतरी दूर राहून त्याची प्रत ठेवली म्हणून.

यूजनेट मागे पडत असतानाच 'मायबोली' (१९९६) आणि त्यामागून 'मनोगत', 'मिसळपाव' अशी मराठीची स्वतंत्र संकेतस्थळे उभी राहिली. मराठी गद्यास त्यांनी केलेले साह्य मोलाचे आहे. परंतु ही गावे एकमेकांना रस्त्याने जोडलेली नव्हती. एका गावच्या रहिवाशास दुसऱ्या गावी बोलावयाचे तर तेथे नवे घर बांधावे लागे. आजच्या विकेंद्रित माध्यमांचे वैशिष्ट्य असे की ती गावेही ठेवतात आणि रस्तेही.

४. बाणांचा नकाशा

लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात भाषिक समाजाची कल्पना समजाविण्यासाठी एक काल्पनिक नकाशा सुचविला आहे. समाजातील प्रत्येक माणसासाठी एक टिंब काढावे, आणि तो बोलेल तेव्हा त्याच्या टिंबापासून प्रत्येक ऐकणाऱ्याच्या टिंबाकडे बाण काढावा. काही काळाने कोठे बाणांची दाटी दिसेल, कोठे विरळपणा. जेथे बाण विरळ, तेथे बोलीची सीमा पडण्याचा संभव. हा नकाशा प्रत्यक्षात काढणे अशक्य आहे, हे ब्लूमफील्ड जाणून होते. समाजमाध्यमांवर मात्र तो आपोआप काढला जात आहे. कोण कोणाचे लेखन मागवून घेतो, यास तेथे 'फॉलो' करणे म्हणतात. आपण त्यास अनुसरण म्हणू. प्रत्येक अनुसरण हा असा एक बाण होय.

केंद्रित माध्यमांत बाण कोठे न्यावयाचा हे बहुतांशी कंपनीचे गणित ठरविते. मॅस्टोडॉनमध्ये अनुसरण माणसांनीच करावयाचे असते, आणि येथे एक नियम नवागताच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या सर्व्हरवरील एखाद्याचे लेखन आपल्या सर्व्हरवर नियमाने येते, ते आपल्याकडील किमान एक माणूस त्याचे अनुसरण करीत असेल तरच. समजा, आर्णीत दहा जणांनी मिळून एक सर्व्हर काढला. पहिल्या दिवशी त्यांना सारे जाळे रिकामे वाटेल आणि ते म्हणतील, येथे कोणीच नाही. वास्तविक जाळे भरलेले असते. त्यांनी रस्ते काढलेले नसतात. दहाही जणांनी बाहेरच्या त्याच दहा माणसांचे अनुसरण केले, तर त्या सर्व्हरवर दहांचेच लेखन येईल. प्रत्येकाने निराळ्या दहांचे केले, तर शंभरांचे येईल आणि ते सर्वांना पाहता येईल. माणसे तेवढीच, श्रम तेवढेच. फरक केवळ वाटून घेण्याचा.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला 'विरळ संबंधां'चा सिद्धान्त येथे लागू पडतो. जवळच्या मित्रांकडून आपणांस ठाऊक असलेलेच कळते. नवी वार्ता येते ती ओळखीपुरत्या माणसाकडून. लेस्ली मिलरॉय यांनी बेलफास्ट शहरातील श्रमिक वस्त्यांच्या अभ्यासातून या विचारास भाषिक जोड दिली : दाट संबंधांच्या वस्तीत बोली टिकून राहते, विरळ संबंधांतून बदल शिरतो. विकेंद्रित माध्यमावर वाढू पाहणाऱ्या समाजास दोन्ही हवेत. आत दाटी हवी, म्हणजे बोलीत बोलण्याचा संकोच जातो. बाहेर विरळ धागे हवेत, म्हणजे वाचणारे आणि नवे येणारे मिळतात. केवळ आतली दाटी असली तर व्हॉट्सॲपचा गट होतो. त्यात जिव्हाळा पुष्कळ, परंतु बाहेरच्या अभ्यासकास आत काय चालले आहे याची गंधवार्ताही नसते. केवळ बाहेरचे धागे असले तर प्रत्येक जण प्रमाणभाषेत, बहुधा इंग्रजीत, लिहू लागतो.

सन २०१९ चे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ अधिवक्ते संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर नोव्हेंबर महिन्यात अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर स्थलांतर केले. पुढे २०२२ च्या ऑक्टोबरात ट्विटरची मालकी बदलली, तेव्हा जगभरातून असाच लोट आला आणि मॅस्टोडॉनवर महिन्यातून एकदा तरी येणाऱ्यांची संख्या नोव्हेंबरात १० लाखांवर गेली. दोन्ही वेळी आलेल्यांपैकी पुष्कळ काही महिन्यांत परतले. जुन्या जागेवरचा राग माणसांना घराबाहेर काढू शकतो. नव्या जागी त्यांना बांधून ठेवण्यास आपसांतले बाण लागतात.

५. नावाचा प्रश्न

मॅस्टोडॉनवर अनोळखी माणसे एकमेकांस सापडतात ती मुख्यतः हॅशटॅगमुळे, म्हणजे मजकुरास जोडलेल्या खूणशब्दामुळे. साऱ्या मजकुरात शोध घेण्याची सोय तेथे २०२३ च्या सप्टेंबरापर्यंत मर्यादित होती. आजही ज्याने अनुमती दिली असेल त्याचेच लेखन अशा शोधात येते. यास्तव खूणशब्द हाच समाजाचा पार. सर्वांनी एकच खूणशब्द लिहिला तर सारे एका पारावर येतात; निरनिराळे लिहिले तर प्रत्येक जण आपापल्या पारावर एकटा बसतो.

आणि येथेच आर्णीच्या बोलीचे दुर्दैव आडवे येते, कारण तिचे नावच लिहिणे कठीण आहे. 'वऱ्हाडी' या शब्दातील अर्धा र हा मराठीचा विशेष. युनिकोड या अक्षरसंकेतात तो दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेल्या 'ऱ' ला हलन्त जोडतात. दुसरीत साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधचिन्ह जोडतात. मानकाने पहिली रीत मुख्य मानली असून जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून दुसरी मान्य ठेवली आहे. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात. यंत्रास मात्र ते दोन भिन्न शब्द होत. शिवाय ज्यांच्या कळफलकावर हे अक्षर सापडत नाही ते 'वर्हाडी' असे रफाराने लिहितात. जुन्या छापील अक्षरसंचांच्या सवयीमुळे कित्येक जण 'व-हाडी' असे मध्ये आडवी रेघ घालून लिहितात. तसे केल्यास खूणशब्द रेघेपाशी तुटतो आणि 'व' एवढेच अक्षर खूण म्हणून उरते. बोलण्यातील उच्चारास अनुसरून 'वराडी' लिहिणारेही आहेत. याप्रमाणे एका बोलीच्या नावाची पाच रूपे झाली, आणि त्यांतील दोन डोळ्यांना ओळखता न येणारी. 'पऱ्हाटी' या शब्दाची गतही तीच. कापसाच्या मुलखात कापसाच्या झाडाचे नाव यंत्रास एकमताने सांगता येऊ नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

प्रमाण मराठीच्या बाबतीत असा प्रश्न केंद्राने सोडविला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. वऱ्हाडीस असे महामंडळ नाही. 'शाळा' या शब्दाचा वऱ्हाडी उच्चार 'शाया' असा होतो, 'मला' ऐवजी 'मले' म्हणतात. हे कसे लिहावे याचा निर्णय लिहिणाराच करतो. विकेंद्रित माध्यमावर तो असाच होत राहणार. परंतु खूणशब्दापुरती एकवाक्यता हवी, आणि ती हुकुमाने येत नाही. चार नित्य लिहिणारे ज्या रूपाचा वापर सातत्याने करतात ते रूप इतर उचलतात. भाषेत रूढी नेहमी अशीच पडत आली आहे. व्यवहारात सुचविण्याजोगा उपाय हा की, सुरुवातीस एका मजकुरास दोन-तीन रूपांचे खूणशब्द जोडावेत आणि स्थिरावलेले रूप कळफलकाच्या सूचनेसह नवागतास प्रथमच सांगावे.

गोरमाटीचा प्रश्न याहून बिकट आहे. बंजारा समाज महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश यांत पसरलेला आहे. भाषेस स्वतःची रूढ लिपी नसल्याने ती जेथे राहते तेथील लिपीत लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी ही हिंदीच्या सदराखाली गणली असून ती मातृभाषा म्हणून सांगणारे ३२ लाखांहून अधिक आहेत. एवढा मोठा समाज जाळ्यावर तीन लिप्यांत विभागला गेला, तर आर्णीच्या माणसाने लिहिलेले विजापूरच्या माणसास सापडणारच नाही. आणि दोघे भेटले तर बोलताना त्यांना विशेष अडचण पडणार नाही! येथे तिन्ही लिप्यांतील खूणशब्द एकत्र जोडण्यावाचून गत्यंतर नाही.

६. नायक, नियम आणि स्थलांतर

सर्व्हरची कल्पना विद्यार्थ्यांना समजावून देताना प्रस्तुत लेखक तांड्याचे उदाहरण देतो. बंजाऱ्यांचा तांडा पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणारा फिरता समूह होता. रेल्वे आल्यावर तो व्यवसाय खुंटला आणि तांडे स्थिरावले. तांड्यास नायक असतो, कारभारी असतो. तंटा शक्यतो तांड्यातच मिटवावा अशी रीत असते. एका तांड्याचा नायक दुसऱ्या तांड्यावर हुकूम चालवीत नाही. तरीही सोयरिकी तांड्या-तांड्यांत होतात, आणि रामनवमीस पोहरादेवीच्या यात्रेत दूरदूरचे तांडे एकत्र येतात. सर्व्हर म्हणजे असा तांडा, त्याचा चालक म्हणजे नायक, आणि परस्परांशी बोलण्याचे समान व्याकरण म्हणजे ही सोयरिकीची वाट.

नायकाजवळ भाषेचे ज्ञान असते, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ. 'काऊन बे' हे संबोधन आर्णीच्या चौकात दोन मित्रांमधील जवळिकीचे असते. दूरदेशीच्या परीक्षकास किंवा त्याच्या यंत्रास ते शिवीसारखे वाटण्याचा संभव आहे. ज्या सर्व्हरचा चालक वऱ्हाडी बोलतो, त्यास हा भेद शिकवावा लागत नाही. उलटपक्षी, खऱ्या शिवीगाळीस 'बोली' म्हणून कोणी पांघरूण घालू लागला, तर तेही त्याच्याच लक्षात येईल. एखादा सर्व्हरच उपद्रवी निघाला तर इतर सर्व्हर त्याच्याशी व्यवहार तोडू शकतात. 'गॅब' हे माध्यम २०१९ मध्ये मॅस्टोडॉनची प्रणाली घेऊन या जाळ्यात आले, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याच्याशी असाच व्यवहार बंद केला. प्रणाली वापरण्यास त्यास कोणी अडविले नाही; आपल्या ओट्यावर घेतले नाही, एवढेच.

परंतु नायक हाही माणूसच. यंत्राचे भाडे, रात्री-अपरात्री येणाऱ्या तक्रारी, कायद्याची जबाबदारी हे सारे त्याच्या शिरावर असते. 'मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' हा परिचित सर्व्हर त्याच्या चालकास पुरेसा वेळ देता येईना म्हणून २०२२ मध्ये बंद करण्यात आला. रहिवाशांना पूर्वसूचना मिळाली आणि त्यांनी अन्यत्र बिऱ्हाड हलविले. मॅस्टोडॉनमध्ये असे हलता येते. आपले अनुसरण करणारे लोक नव्या पत्त्यावर सोबत येतात. जुने लेखन मात्र येत नाही. तांडा उठला तर माणसे पुढच्या मुक्कामी पोहोचतात, चुली मागे राहतात.

म्हणून विकेंद्रित माध्यम हे आपोआप जतनाचे साधन आहे, असा ग्रह करून घेऊ नये. मजकुराच्या प्रती इतर सर्व्हरांवर पसरतात खऱ्या, पण त्या तेथे कायम राहतील असे बंधन नाही. आपल्या लेखनाची प्रत दर सात दिवसांतून एकदा उतरवून घेण्याची सोय मॅस्टोडॉन देते. ज्या समूहास शब्दसंग्रह करावयाचा आहे त्याने हे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे, आणि सर्व्हरचे चालकपण किमान तिघांत वाटावे. खर्चाचा हिशेब सर्वांपुढे ठेवावा. या गोष्टी तंत्रज्ञानाच्या नाहीत; गावातील वाचनालय ज्यांनी चालविले आहे त्यांना त्या ठाऊक आहेत.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. विकेंद्रित माध्यम समाज निर्माण करीत नाही. समाजास आपले आपण राहण्याची जागा देते. तो वाढतो तो चार गोष्टींनी : आतील दाट बाण आणि बाहेरचे विरळ धागे, एक ठरलेले नाव, भाषा जाणणारा चालक, आणि प्रत ठेवण्याची सवय. यांतील एकही गोष्ट यंत्र पुरवीत नाही. नवी माणसे हवीतच, परंतु जुन्यांना त्यांच्याशी दोन शब्द बोलावयास अवसर राहील इतक्याच वेगाने.

आर्णीतील सर्व लोक उद्या व्हॉट्सॲप सोडून अशा सर्व्हरवर येतील, अशी अपेक्षा कोणी करू नये. तशी आवश्यकताही नाही. गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या दहा-पंधरा तरुणांनी आपल्या भाषेत नित्य लिहावे, इतरांनी ते वाचावे आणि त्यावर आपल्या गावचा उच्चार नोंदवावा, एवढे घडले तरी पुष्कळ झाले. गोंडीच्या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये स्थान मिळाले आहे. अक्षरे आली, आता ती लिहिणारा समाज हवा.

ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मरे एमेनो यांचे कोलामीचे वर्णन १९५५ मध्ये आले. हे ग्रंथ आजही वाचावयास मिळतात, कारण त्यांच्या प्रती अनेक ग्रंथालयांत आहेत. एक ग्रंथालय बंद पडले म्हणून त्यांतील कोलामी नष्ट होत नाही. त्या ग्रंथांत नमुने पुष्कळ आहेत, परंतु एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्या माणसास 'आमच्याकडे असं नाही म्हणत' असे सांगितल्याची नोंद सहसा नाही. आमच्या गेलेल्या समूहात ती होती. प्रस्तुत लेखक आणि त्याचे विद्यार्थी वह्यांमधील शब्द घेऊन पुन्हा आरंभ करीत आहेत. या वेळी स्वतःच्या सर्व्हरवर, तीन चालकांसह, आणि पहिला खूणशब्द 'वऱ्हाडी' हाच, नुक्त्याच्या र ने लिहिलेला.